पेन धरवंना

दाजी, तुमच्या दशक्रियेला प्रवचन संपल्यावर श्रद्धांजलीची भाषणं झाली. आपल्याकडे ती होतातच; माणूस कितीही अबोल असला तरी त्याच्या दहाव्याला माइक लागतो. शाळेतले बोलले, सोसायटीतले बोलले, आजारपणात एकदाही घरी न फिरकलेले तर सगळ्यात जास्त वेळ बोलले. सगळ्यांनी तुमच्या अक्षराचं कौतुक केलं. मग कुणीतरी माझं नाव पुकारलं, ‘मेव्हण्यांनी दोन शब्द बोलावेत.’ मी दोन वाक्यं बोललो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, गहिवरून आलं. तसं नव्हतं. जे बोलायचं होतं ते मंडपात बोलण्यासारखं नव्हतं. ते तुम्हाला सांगायचं आहे, म्हणून लिहितो आहे.

आधी आपलं भांडण नीट मांडतो. तुम्ही ते कायम तुमच्या सोयीनं मांडत आलात.

तुम्ही ड्रॉपरवाले. काळं, जाड एबोनाइटचं पेन. निबचा भाग आटे फिरवून काढायचा, ड्रॉपरनं शाई आत सोडायची, गळ्यापर्यंत आली की पुन्हा बंद करायचं. आत नळी नाही, रबर नाही, यंत्र नाही. पेनाचं पोट हीच दौत. मी पिस्टनवाला. मागची घुंडी फिरवली की आतला दट्ट्या खाली जातो. निब दौतीत बुडवून घुंडी उलटी फिरवली की शाई वर ओढली जाते. पेन उघडायचं नाही, बोटं भरायची नाहीत, आणि मधल्या पारदर्शक पट्टीतून शाई किती उरली ते दिसतं. माझ्या पेनात एकदा भरल्यावर पंचवीस पानं लिहून होत, तुमच्यात साठाच्या वर. हा आकडा मी कधी नाकारला नाही. माझं म्हणणं एवढंच होतं, की तुमची साठ पानं धोक्याची आहेत. पेन अर्धं रिकामं झालं की आतली हवा हाताच्या उबेनं फुगते, शाईला ढकलते, आणि पेन ओकतं. नेमकं दाखल्यावर, नेमकं सहीच्या वर.

‘आमच्या आणे गावच्या पठारावर पाणी न्हाई, पावणं,’ तुम्ही म्हणायचात. ‘पेनाची तरी विहीर भरल्याली असू द्या की.’

‘पण विहीर गळती आहे ना तुमची.’

‘गळंल, पण आटणार न्हाई. तुमचं पिस्टन म्हंजी मोटार. एकदा वायसर ग्येला की बसा कोरडं.’

माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, माझ्या अक्काचे मालक, मास्तर; तरी मला ‘पावणं’ आणि ‘तुमी’ म्हणायचात, मुद्दाम, चेष्टेनं. फारच चिडवायचं असलं की ‘हिशेबनीस’. घोडेगावच्या कचेरीत मी रेशनच्या धान्याचे आकडेच जुळवायचो, त्यामुळे ते नाव चिकटलं. मीही काही कमी नव्हतो. मेव्हण्यानं दाजींची चेष्टा करायची आणि दाजींनी ती हसत घ्यायची, हा रिवाजच आहे. आपण दोघांनी तो जरा जास्तच पाळला.

बाजारच्या दिवशी जुन्नरला त्या गल्लीतल्या स्टेशनरीच्या दुकानात आपण भेटायचो. तुम्ही आळेफाट्यावरून एसटीनं, मी नारायणगावावरून. अक्का आणि माझी सुमन भाजी घेऊन, बांगड्या बघून, चहा पिऊन परत यायच्या, तरी आपण तिथंच काउंटरला टेकून. दुकानदार एकेक पेन पाण्यात बुडवून, भरून, झटकून दाखवायचा आणि म्हणायचा, ‘हे धरतं बघा.’ धरतं म्हणजे शाई धरतं, गळत नाही. तो शब्द आपण उचलला. घरी, पत्रात, फोनवर, कुठलंही नवं पेन हातात आलं की पहिला प्रश्न तोच: धरतं का? तिथल्या त्या चिनी पेनांची तुम्ही चेष्टा करायचात. आत रबराची पिशवी, वर पत्र्याची पट्टी, दाबली की शाई ओढायची. ‘हे काय पेन हाय का गाईचं सड?’ दुकानदारसुद्धा हसायचा.

मला मुलगी बघायला नेलं होतंत ते आठवतं? सुमनच्या घरी जायचं होतं. पांढरा शर्ट घालून मी जुन्नरच्या स्टँडवर उतरलो तर खिशाखाली हातभर निळा डाग. पेन तुम्हीच दिलेलं, ड्रॉपरचं, नोकरी लागल्याबद्दल. तुम्ही डाग बघितलात, म्हणालात, ‘निब वर ठिवायची सांगितलं व्हतं ना?’ आणि स्टँडच्या मागे जाऊन स्वतःचा शर्ट काढून मला दिलात. तुमचा शर्ट माझ्या अंगात दोन माणसांचा होता. माझा तुम्ही घातलात, बटणं लागेनात. सुमनच्या वडिलांनी विचारलं, ‘मास्तर, ही शाई कशाची?’ तुम्ही म्हणालात, ‘नवरदेवानं पहिलाच पगार लिहिला, जरा जास्त झाला.’ सुमन अजून म्हणते, त्या दिवशी मी नवऱ्याला नाही, दाजींना पसंत केलं. तेव्हापासून मी पिस्टनवाला झालो, हे खरं. पण माझा एक आणि सात कुणी कधी उलटसुलट वाचला नाही, तो हात तुम्ही दिलात. बोटं कुठं ठेवायची, कोपर कुठं टेकायचं, सगळं तुम्ही शिकवलंत. माणूस पेन कसं धरतो हे बघायला मला तुम्हीच शिकवलंत, दाजी. म्हणून पुढचं लिहिताना मला लाज वाटते.

दसऱ्याच्या जरा आधी तुमचा कचेरीत फोन आला. आण्याच्या स्टँडवरच्या बूथवरून. हायवेची वाहनं, कंडक्टरची घंटी, सगळं ऐकू येत होतं. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग तुम्ही म्हणालात, ‘पावणं, पेन धरंना आता.’

असं मी ऐकलं.

‘कुठलं? काळं?’ मी विचारलं.

‘हां. काळंच.’

‘मी कधीपासून सांगतोय दाजी, आटे झिजलेत त्याचे. मेणबत्ती घासा आट्यांना. तरी गळलं तर द्या टाकून, आणि आता तरी पिस्टन घ्या.’

मध्ये एका ट्रकचा हॉर्न वाजला. मग तुम्ही म्हणालात, ‘मेण लावून बघतो.’

फोन ठेवून मी शेजारच्या टेबलावर सांगितलं, ‘आमचे दाजी एकदाचे हरले.’ सगळ्यांना चहा पाजला.

भाऊबीजेला आलो तो तुमच्यासाठी नवं पिस्टनचं पेन घेऊनच. अक्कानं ओवाळलं, आणि ताट उचलायच्या आत मी दौत उघडून बसलो. म्हटलं, भरून दाखवा. तुम्ही घुंडी फिरवायला घेतलीत. फिरेना. पुन्हा घेतलीत. अंगठा सटकला, कोपर दौतीला लागलं, आणि सारवलेल्या ओसरीवर निळा ओहोळ.

‘दोघांना काई कामधंदा न्हाई!’ अक्का ओरडली. ‘सणासुदीचं सारवण! चाळीस वर्साची घोडी झाली तरी शाई सांडत्यात!’

‘चाळीसचा तुझा भाऊ. मी पन्नासचा घोडा हाय,’ तुम्ही म्हणालात.

आपण हसलो. मी तुमच्या हातातून पेन घेतलं. मला वाटलं दट्ट्या अडकला. माझ्या हातात घुंडी लोण्यासारखी फिरली. मी काय म्हणालो ते तुम्हाला आठवत असेल. मी म्हणालो, ‘जोर कमी पडतो दाजी. अक्का भाकरी घालत नाही काय?’

‘तिच्या भाकरीत दम न्हाई ऱ्हायला आता,’ तुम्ही म्हणालात, आणि हात मांडीखाली घेतलात.

मी त्या वेळी पेनाच्या पट्टीतून शाई कुठवर चढली ते बघत होतो.

पुढच्या बाजारात मी तुम्हाला तेच चिनी पेन घेऊन दिलं, ज्याची तुम्ही चेष्टा करायचात. घुंडी नको, नुसती पट्टी दाबायची. तुम्ही ते चेष्टेचं वाक्य म्हटलं नाहीत, मुकाट्यानं खिशाला लावलंत. महिन्यानं कळलं, ते कोरडं पडून आहे. मग मी कार्ट्रिजचं आणलं: तयार शाईची नळी, आत ढकलली की टक्क करून बसते. ते टक्क तुमच्याकडून होईना. मी चार पेनांच्या चार तक्रारी ऐकल्या आणि चारही पेनं घरी आणून तपासली. धुतली, भरली, प्रत्येकानं पानंच्या पानं लिहिली. एकातही दोष सापडला नाही. आकडेवाला माणूस मी. चार वेगवेगळी यंत्रं आणि हात एकच, एवढी साधी बेरीज मला करता आली नाही. मी निष्कर्ष काढला तो असा, की दाजी हट्टी आहेत, हरल्याचं कबूल करत नाहीत.

मग तुम्ही बॉलपेन घेतलंत. जुन्नरला लग्नात आहेराची नावं लिहायला तुम्हाला बसवलं होतं, कायमसारखं. मी मागून आलो, बघितलं, आणि चारचौघांत मोठ्यानं म्हणालो, ‘काय हो मास्तर, जन्मभर शाईचा धर्म पाळला आणि म्हातारपणी बाटलात?’ मांडवातली माणसं हसली. तुम्हीही हसलात. मग म्हणालात, ‘ह्याला भरावं लागत न्हाई, पावणं.’ थोड्या वेळानं चष्मा विसरल्याचं सांगून नावं लिहायचं दुसऱ्याकडे दिलंत आणि मागच्या खुर्चीवर जाऊन बसलात. चष्मा तुमच्या खिशात होता. मला दिसला होता. मला वाटलं, लागलं तुम्हाला माझं बोलणं, आणि खरं सांगतो, थोडं बरंही वाटलं.

त्यानंतर तुमच्या हातून कप पडला, मग बादली, मग सदऱ्याची बटणं लागेनात, तेव्हा अक्कानं धरून दवाखान्यात नेलं. नारायणगाव झालं, पुणं झालं. पुण्याच्या डॉक्टरांनी तुमचा उजवा हात उलटा करून मला दाखवला. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधलं मांस गेलं होतं. तिथं खळगा होता, पेन धरतो तिथंच. किती दिवसांपासून, त्यांनी विचारलं. अक्का म्हणाली, ‘दिवाळीनंतर, बहुतेक.’ भाऊबीजेला तो हात माझ्या नाकासमोर होता, दाजी. मी चष्मा लावून पेन बघत होतो.

नसांचा आजार. आधी दाखवलं असतं तरी यावर औषध नाही, असं डॉक्टर म्हणाले. सुमन मला हेच वाक्य पुन्हा पुन्हा सांगते. ते मला पटतं. मी कधी असं म्हणालो नाही, की माझ्यामुळे तुम्ही गेलात; तसं म्हणणं हिशेबाला धरून नाही. पण दवाखान्याच्या आधीचे ते सगळे महिने तुम्ही एकट्यानं काढलेत. हात चालत नाही हे एकट्यानं बघितलंत, फळ्यावर खडू घसरतो हे एकट्यानं झाकलंत. त्या एकट्यानं काढलेल्या दिवसांवर औषध होतं. ते माझ्याजवळ होतं.

मला हे कळलं त्या दुपारी तुम्ही खाटेवर टेकून बसला होतात. अक्का दळणाला गेली होती. मी चहाचा कप पुढं केला. तुम्ही मान हलवलीत. तुमची जीभ तोपर्यंत जड झाली होती, शब्द ओढून ओढून यायचे, त्यामुळे एकेक अक्षर सुटं ऐकू आलं. ‘क-प-बी ध-र-वं-ना.’

धरवंना. मधला तो ‘व’. पेन धरंना म्हणजे पेनाला शाई धरता येत नाही. पेन धरवंना म्हणजे मला पेन धरता येत नाही. बूथवरून तुम्ही काय म्हणाला होतात ते मला त्या खाटेपाशी ऐकू आलं. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही माझ्याकडे बघत होतात. तुम्हाला कळलं की मला कळलं. मी कप तुमच्या ओठांना लावला आणि म्हणालो, ‘साखर बरोबर आहे का?’ तुम्ही मान हलवलीत. बस. एवढंच.

त्यानंतरही तुम्ही बोलू शकत होतात, काही महिने. मी दर आठवड्याला येत होतो. आंघोळ घातली, दाढी केली, पेपर वाचून दाखवला. एकदाही म्हणालो नाही की दाजी, त्या फोनवर मी चुकीचं ऐकलं. वाटायचं, पुढच्या वेळी. आणि एकदा आलो तर तुमचा आवाज गेला होता. ओठ हलायचे, शब्द नाही. लिहून दाखवायला हात नाही. तुमच्यासारख्या माणसाचं बोलणं आणि लिहिणं दोन्ही गेलं, आणि ज्यानं ते वेळेवर ऐकायचं तो दर आठवड्याला समोर बसून तुमची नखं काढत होता.

दशक्रियेच्या दिवशी पाहुणे पांगल्यावर अक्का चुलीमागे बसली होती. तिनं मान वर न करता विचारलं, ‘आप्पा, त्यांना आधीच कळलं असंल का रे? हात जातोय म्हून? मला बोलले न्हाईत. शेजारी झोपत व्हते अन् मला बोलले न्हाईत. तुला तरी काई बोलले व्हते का?’

‘न्हाई,’ मी म्हणालो.

रात्रभर मी स्वतःशी वाद घातला की हे खोटं नाही. मी जे ऐकलं ते पेनाबद्दल होतं. शब्दाला शब्द लावला तर माझं उत्तर बरोबर होतं. असली बरोबर उत्तरं मी कचेरीत खूप बघितली आहेत. दोन्हीकडची बेरीज जुळते आणि मधलं धान्य गेलेलं असतं. अक्का समजून बसली आहे की तुम्ही कुणालाच सांगितलं नाही, म्हणजे तुमचा तिच्यावरही भरवसा नव्हता. ती हे घेऊन जन्म काढील. आणि तुम्ही तर सांगितलं होतंत. घरात सांगवलं नसेल, म्हणून स्टँडवर जाऊन सांगितलंत.

काल सकाळी मी आण्याला गेलो. अक्का ओसरीवर शेंगा फोडत होती. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. फोन, हॉर्न, मी काय ऐकलं, ते काय म्हणाले होते, भाऊबीजेचं, लग्नातलं, चहाच्या कपाचं. ती शेंगा फोडत राहिली. मला वाटलं ओरडेल. मी त्याची तयारी करून आलो होतो.

‘मंजी बोलले व्हते,’ ती म्हणाली.

‘हो.’

‘तुला बोलले.’

‘हो.’

‘अन् तू त्यांना मेण लाव म्हणला.’

‘हो,’ मी म्हणालो.

तिनं सूप बाजूला सारलं. पदरानं हात पुसले. शेवटचे कितीतरी महिने या घरात तुमचा आवाज नव्हता, दाजी, आणि तिनं जे विचारलं ते ऐकायची माझी काहीच तयारी नव्हती.

‘कसा व्हता आवाज?’ ती म्हणाली. ‘तसं म्हणताना? घाबरल्याला व्हता, का हसत म्हणले?’

चारही पेनांत किती शाई मावते ते मी आत्ता विचारलं तर सांगू शकतो. आवाज कसा होता ते मला माहीत नाही. मी त्याच्याकडे लक्षच दिलं नव्हतं. ‘हसत म्हणाले’ असं सांगता आलं असतं, तिला तेवढा आधार झाला असता. जिभेवर आलंही होतं.

‘आठवत नाही, अक्का,’ मी म्हणालो.

ती मागं सरकली. मग भिंतीला पाठ टेकून बसली, शेजारी हात ठेवून मला जागा दाखवली.

‘आठव,’ ती म्हणाली. ‘मी हाय बसल्याली.’